अप्पांच्या मशीनचे उघडे टाके

आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत भिंगं पुसून कपाटात लावत होते. कामाच्या वेळेला आई सहसा फोन करत नाही, म्हणून हातातलं तसंच ठेवून मी व्हरांड्यात आले.

"तुझ्या अप्पाला मशीनीनं फेकलं," ती म्हणाली. "आता बसलेत. बोलतेत. पर तू ये."

'मशीन' म्हणजे काय ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात मशीन एकच, अप्पांचा व्हॉल्वचा अॅम्प्लिफायर. तेरमध्ये आणि आसपासच्या गावांत अप्पांनी जन्मभर लाऊडस्पीकर लावले. लग्नं, बारशी, भजनं, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे. पुढं ट्रान्झिस्टरची मशीनं आली, मग डीजे आले, आणि अप्पांचा धंदा हळूहळू थांबला. बाकीचं सामान त्यांनी देऊन टाकलं. हे एक मशीन तेवढं ठेवलं, कारण ते त्यांनी तरुणपणी स्वतः बांधलं होतं. पत्र्याची पेटी, वर काचेचे व्हॉल्व, खाली तारांचं जंजाळ. सकाळी ते चालू करायचे. व्हॉल्व तापायला थोडा वेळ लागायचा, मग ओसरीवरच्या स्पीकरमधून रेडिओ सुरू व्हायचा आणि अर्ध्या गल्लीला बाजारभाव ऐकू जायचे.

मी सुट्टी टाकली आणि धाराशिवच्या स्टँडवर गेले. तेरची गाडी लागलेलीच होती.

घरी पोचले तर अप्पा बाजेवर बसलेले, उजव्या हाताच्या दोन बोटांना मलम लावलेलं. डॉक्टर येऊन छाती तपासून गेले होते. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले होते. पण अप्पांचा चेहरा असा होता, जणू त्यांच्याच माणसानं त्यांच्यावर हात उचलला होता.

"काय झालं अप्पा?"

"काय न्हाय. घरघर करूलालं होतं. बघावं म्हनलं."

"चालू असताना?"

"बंद केल्यावर घरघर कुठं ऐकू येती?"

आई चुलीपाशी उभी होती. ती तिथूनच बोलली, "आडवं केलं, खालचा पत्रा काढला आन् आत बोट घालून चाचपूलाले. म्या म्हशीला पानी पाजवाया गेले हुते. धाडकन आवाज आला म्हनून पळत आले तर भुईवर. उद्या भंगारवाला यील, त्याला देऊन टाका ते."

 अप्पांच्या पुढ्यात भाकरी आली, ती त्यांनी निम्मी मोडून बाजूला सारली.

मला आश्चर्य वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. अप्पांचा एक नियम होता, तो आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. चालू मशीनमध्ये हात घालायचा तर एकच, दुसरा खिशात. आणि तो एक हातसुद्धा बघून, नेमक्या जागी. असा माणूस आत चाचपायला लागतो कसा? काचबिंदू झालाय हे आम्हाला माहीत होतं. धाराशिवच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते, ते अप्पांनी काही दिवस घातले आणि डोळे चुरचुरतात म्हणून सोडून दिले. कसं दिसतंय असं विचारलं की "जरा धुकट दिसतंय" एवढंच म्हणायचे. मीही तेवढ्यावर समाधान मानत होते.

संध्याकाळच्या गाडीनं परत जाण्याआधी मी मशीन उलटं करून पाहिलं. मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. मुलांनी तोडलेली सर्किटं जोडायची सवय आहे, पण तिथं बॅटरीवरचा खेळ असतो. इथं आत तीनशे व्होल्टच्या वरचा दाब. आणि अप्पांनी ज्या काळी हे बांधलं, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक टाका, म्हणजे तारांचा सोल्डर केलेला सांधा, उघडा. चांदीसारखे चमकणारे डाखाचे थेंब, एकाला लागून एक, आणि त्यांच्यामध्ये उघड्या तारा. बघणाऱ्याला छान दिसतात. न बघता बोट फिरवणाऱ्याला मात्र जागाच नाही.

"अप्पा, खालचा पत्रा पक्का बसवून टाकू का? उघडायचाच नाही."

"तू बसव. तू गेल्यावर म्या काढनार," ते म्हणाले. "तुला खोटं कशाला सांगू?"

"मग हे टाके तरी झाकू सगळे."

 ते म्हणाले, "झाक. पर टेप लावू नको."

मी ऐकलं नाही. माझ्या पिशवीत काळी चिकटपट्टी होती. जाता जाता जमेल तेवढ्या टाक्यांना तिचे तुकडे गुंडाळले आणि समाधानानं गाडीत बसले. आठवड्यानं आले तर पट्टीचा डिंक उष्णतेनं पाझरला होता. निम्मे तुकडे सुटून लोंबत होते आणि उरलेले बोट लावलं की सरकत होते. अप्पांनी एक तुकडा चिमटीत धरून माझ्याकडं केला. मिशीतल्या मिशीत हसले. त्या दुपारी ते पोटभर जेवले.

पुढच्या आठवड्यात धाराशिवच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मी स्लीव्ह आणल्या. बारीक नळ्या असतात त्या. तारेवर चढवायच्या, टाका देऊन झाला की त्याच्यावर सरकवायच्या आणि तापवायच्या, मग त्या आकसून घट्ट बसतात. नेहमीच्या स्वस्त नळ्या नकोत, जास्त दाबाच्या आणि उष्णता सोसणाऱ्या द्या, असं मी सांगितलं. दुकानदारानं विचारलं, "कशाला पाहिजेत मॅडम?" व्हॉल्वचा अॅम्प्लिफायर म्हटल्यावर तो काउंटरवर पुढं वाकला. "अजून चालू आहे?" त्याच्या वडिलांकडं होता म्हणे. त्यानं काळ्या, लाल, पिवळ्या, सगळ्या मापांच्या नळ्या बांधून दिल्या.

रविवारी ओसरीवर पोतं पसरून आम्ही बसलो. मशीन पालथं, शेजारी माझी प्रयोगशाळेतली सोल्डरची गन, राळेची डबी, मीटर. आई पलीकडं तूर निवडायला बसली. तिला हे काम अजिबात पसंत नव्हतं आणि ते दिसावं म्हणूनच ती तिथं बसली होती.

"पयलं काय करायचं?" अप्पांनी विचारलं.

"वायर काढलीय."

"वायर काढून काय हुतं? मोठा कंडेन्सर करंट भरून बसलाय. वायर काढल्यावरबी त्यो धरून ठिवतो. त्याला मोकळं कर."

त्यांनी सांगितल्याप्रमाणं लांब तारांना जोडलेला रेझिस्टन्स मी कंडेन्सरच्या टोकांना लावून धरला, मग मीटर लावून आकडा उतरलेला पाहिला. उतरला, असं म्हटल्यावरही त्यांनी पुन्हा एकदा बघायला लावलं. नंतर प्रत्येक वेळी काम सुरू करताना हे झाल्याशिवाय त्यांनी मला बोट लावू दिलं नाही.

मग एकेक टाका. गन टेकवायची, जुना डाख वितळला की तार अलगद बाहेर ओढायची, तिच्यावर नळीचा तुकडा चढवून मागं सारायचा, तार परत जागेवर, नवा टाका. टाका गार झाला की नळी त्याच्यावर ओढायची आणि गनच्या दांड्याची कड जवळ नेऊन तापवायची. नळी अंग चोरल्यासारखी आकसते. जिथं एकाच टोकावर तीन-चार तारा येतात तिथं मात्र जीव मेटाकुटीला येतो. एक सोडवावी तर दुसरी निसटते.

"व्हॉल्वच्या चिमणीच्या कडंचं तिसरं टोक," अप्पा सांगायचे. त्यांच्या भाषेत चिमणी म्हणजे व्हॉल्व बसवायची खोबण. "तिथून एक रेझिस्टन्स निघतो. त्याचे पट्टे कसले हायेत?"

"पिवळा, जांभळा, पिवळा."

"बरोबर. त्यो काढू नको, नुसती तार काढ."

सगळं त्यांच्या डोक्यात होतं. मी विचार केला, बांधणाऱ्याला बघायची गरज ती काय? त्यामुळं ते मशीनकडं न बघता समोरच्या लिंबाकडं तोंड करून बोलतात, हेही मला खटकलं नाही.

एका ठिकाणी डाख नीट पसरेना. "आण इकडं, म्या दावतो," म्हणत अप्पांनी हात पुढं केला. मी गन पुढं धरली. त्यांचा हात सरळ तापलेल्या टोकाकडं आला. मला ओरडायलाही सुचलं नाही. पण आई कधी उठली, कधी आली, मला कळलंच नाही. तिनं माझ्या हातातली गन फिरवली, मूठ अप्पांच्या तळव्यात टेकवली आणि पुन्हा जाऊन सुपासमोर बसली.  अप्पांनीही काही झालं असं दाखवलं नाही. त्यांनी गन धरली, दुसऱ्या हातानं टाक्याची जागा चाचपली आणि डाख दिला. टाका माझ्यापेक्षा चांगला बसला.

मी आईकडं बघत राहिले. गन फिरवायची तिची ती रीत एका दिवसाची नव्हती.

त्यानंतर मला घर वेगळंच दिसायला लागलं. पाण्याची घागर भिंतीपासून ठरावीक अंतरावर. अप्पांच्या चपला उंबऱ्याच्या उजवीकडं, टाचा भिंतीला लावून. बाज कधीच हललेली नाही, झाडतानासुद्धा नाही. दारापासून न्हाणीपर्यंत एक दोरी बांधलेली होती. कपडे वाळवायला म्हणून बांधलीय असं आईनं मला सांगितलं होतं, पण तिच्यावर मी एकदाही कपडा वाळत घातलेला पाहिला नव्हता.

चहा करायच्या निमित्तानं मी तिच्यामागून आत गेले.

"आई, अप्पांना दिसत नाही का?"

ती चहाच्या भांड्यात साखर टाकत होती. "उजेड कळतोय जरा. डाव्या डोळ्यानं."

"कधीपासून?"

"लई दिस झाले."

"मला सांगितलं नाहीस."

"त्यांनी मलाच न्हाय सांगितलं, तर म्या तुला काय सांगू?" ती चहाकडं बघत म्हणाली. "त्यांना वाटतंय मला ठावं न्हाय. वाटू दे की. मानूस हाय, त्यांच्या जिवाला तसंच बरं वाटत असंल. घरातली समदी वस्तू म्या जागच्या जागी ठिवली. पाव्हनं आलं की पयलं बघते, कुनी वाटंत पिशवी ठिवलीय का. पर त्या पेटीत मला हात घालता येत न्हाय गं. तिच्यात काय कुठं हाय, मला काय कळतंय?" आणि पदरानं तिनं डोळे पुसले. "म्हनून म्हनले, भंगारात द्या."

चहा घेऊन बाहेर आले तर अप्पा तसेच बसलेले. मधली भिंत काही फार जाड नाही. त्यांनी कप हातात घेतला, फुंकर मारली, आणि हळूच, फक्त मला ऐकू यावं असं म्हणाले, "तुझ्या आईला वाटतंय, तिनं दोरी बांधलेली मला कळली न्हाय."



"मग बोलत का नाही तुम्ही तिच्याशी?"

"काय बोलू? तिनं एवढं केलं, ते फुकट गेल्यावानी हुईल." ते म्हणाले, "आन् एकदा तोंडातनं काढलं की ते खरंच झालं की."

"ते खरंच झालंय अप्पा."

त्यांनी मान हलवली. कप खाली ठेवला, नेमका बशीत.

आई दारात उभी होती. तिनं किती ऐकलं कोण जाणे. ती पुढं आली आणि पोत्याच्या कडेला बसली. सूप तिकडंच राहिलं. "आता कुठलं झाकायचं राहिलंय?" तिनं विचारलं.

"मोठा कंडेन्सर," अप्पा म्हणाले. "त्याची टोकं जाड हायेत. त्याच्यावर नळी बसत न्हाय."

तिनं वाकून पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असावी. "कुठं? हे व्हय? डब्यावानी?"

"त्योच. त्यानंच मला फेकलं."

आई उठली आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीचं रुंद प्लास्टिकचं टोपण घेऊन आली. "हे बसंल का?"

अप्पांनी ते बोटांनी सगळीकडून चाचपलं. कडेला तारांसाठी खाचा पाडायला लावल्या. खाली जाणारी तार कोणत्या बाजूनं निघते ते त्यांनी सांगितलं, मी सुरीनं कापलं, आईनं मशीन धरलं. टोपण असं बसलं की जणू त्याच कामासाठी केलं होतं. अप्पा म्हणाले, "आता इथं पोरगं जरी बोट घालंल तरी काय हुनार न्हाय." आई म्हणाली, "पोराचं न्हाय, तुमचंच बोला."

दोघं हसले. मी खाली मान घालून नळ्या कापत राहिले, कारण माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

काम संपायला आणखी काही रविवार लागले. शेवटी आतली सगळी टोकं काळ्या, लाल, पिवळ्या नळ्यांत गेली. लाल म्हणजे जास्त दाब, असं मी ठरवलं होतं, पण ते सांगताना माझीच जीभ अडखळली. मग अप्पांनी तोड काढली. जास्त दाबाच्या टाक्यांवर आणखी एक नळी चढवायची, म्हणजे बोटाला जाड लागलं की थांबायचं. तेवढ्यासाठी पुन्हा एक दिवस गेला.

मग त्यांनी आत हात घालून बघायचं ठरवलं. मशीन बंद, कंडेन्सर मोकळा केलेला. तरी आईनं भिंतीतून वायर काढली आणि पिन मुठीत धरून बसली.

"पिन माझ्या हातात हाय. करा काय करायचं ते."

अप्पांनी बोटं आत सोडली. सुरुवातीला त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. उघड्या टाक्याला बोट लावलं की तो बरा की कच्चा हे त्यांना कळायचं, गुळगुळीत लागला की बरा, खरबरीत लागला की कच्चा. आता सगळीकडं नळ्या. "समद्यांना बंड्या घातल्या," ते कुरकुरले. "कोन कसा हाय, कळंना झालंय." पण बोटं फिरत राहिली. इथून तिथं, तिथून पलीकडं, स्वतःच्या हातांनी ओढलेली प्रत्येक तार त्यांना भेटत होती. कितीतरी वेळ ते असेच बसले होते. शेवटी हात बाहेर काढून म्हणाले, "समदं जागेवर हाय."

घरघर मात्र गेली नव्हती. मशीन चालू केलं की स्पीकरमधून भुंग्यासारखा आवाज यायचाच. मी एवढे टाके नव्यानं दिले, मग दोष कुठं? अप्पा म्हणाले, "आता ठोकून बघू."

त्यांनी वाळलेल्या बांबूची एक कामटी तासून घेतली. मशीन आडवं करून चालू केलं. बटनावर आईचं बोट. अप्पांनी डावा हात खिशात घातला आणि कामटीच्या टोकानं एकेक टाक्यावर टिचक्या मारायला लागले. डोळे मिटलेले, मान स्पीकरकडं. टिक. काही नाही. टिक. काही नाही. पेटीच्या कोपऱ्यात आले तसा स्पीकर खरखरला. पुन्हा मारली, पुन्हा खरखर, आणि क्षणभर घरघर थांबली.

"हा कंच्या रंगाचा?"

"त्याच्यावर नळी नाही अप्पा. हा पत्र्याला दिलेला अर्थिंगचा टाका आहे. त्याच्यात दाब नसतो म्हणून मी सोडून दिला होता."

"त्योच कच्चा झालाय. बंद कर गं."

आईनं बटन दाबलं, वरून वायरही काढली. कंडेन्सर मोकळा करून मी जुना डाख काढला, पत्रा घासला, नवा टाका दिला. पेटीचा पत्रा उष्णता ओढून घेतो, त्यामुळं गन बराच वेळ टेकवून धरावी लागली. परत चालू केलं. व्हॉल्व तापले. स्पीकरमधून काहीच ऐकू येईना, इतकं शांत. मला वाटलं, बिघडवलं की काय मी. मग अप्पांनी रेडिओचं बटन फिरवलं आणि एक बाई तुरीवरच्या अळीबद्दल बोलायला लागली, इतक्या स्वच्छ आवाजात की आई म्हणाली, "बारीक करा, म्हस बुजंल."

त्याच आठवड्यात अप्पा स्वतःहून म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ या का?" हे त्यांनी आईला विचारलं, मला नाही.

मी धाराशिवच्या स्टँडवर त्यांची वाट बघत उभी होते. गाडी लागली. आधी आई उतरली, मागं वळून तिनं हात वर केला, "पायरी हाय, अजून एक," असं मोठ्यानं, चारचौघांत म्हणाली, आणि अप्पांनी तिचा हात धरला. माझे आईवडील रस्त्यावर हातात हात घेऊन चालताना मी तोवर कधी पाहिले नव्हते. रिक्षावाल्यांच्या गर्दीतून ते येत होते. आई बोलत होती, "हिकडं खड्डा हाय, आता सरळ," आणि अप्पा मान डोलावत होते.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही. डाव्या डोळ्यात जो उजेड उरलाय, तो थेंब नियमानं घातले तर टिकेल. यांनी आधीच सोडले नसते तर, असं काहीतरी ते बोलायला लागले होते. आईनं त्यांना मधेच थांबवलं. "आता सांगा, कवा कवा घालायचे."

आता ती रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालते. अप्पा बाजेवर उताणे पडतात, मान मागं टाकतात, आणि थेंब पडायच्या आधीच ओरडतात. "अजून पडला न्हाय," आई म्हणते, "गप पडा."